नऊ शब्दांपर्यंत

मला कुणी विचारलं, तू काय करतेस, की मी "लिहिते" म्हणते आणि विषय बदलते. नाहीतर पुढचा प्रश्न ठरलेला, "अरे वा, पुस्तकं कुठली?" पुस्तकं कुठलीच नाहीत. गादी कशी निवडावी, नळ गळत असेल तर काय करावं, मुलाखतीला कुठले बूट घालावेत, हे तुम्ही कधी ना कधी नेटवर वाचलेलं असतं. ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं हे मात्र तुमच्या डोक्यातही येत नाही. ती कुणीतरी म्हणजे मी. चौदा वर्षांत दोन हजारांच्या वर लेख झाले. एकाखालीही माझं नाव नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

या धंद्यात एक रीत आहे. लेख थेट सुरू करायचा नाही, आधी एक घरगुती किस्सा द्यायचा, चार-पाच ओळींचा. ज्या कंपनीसाठी मी सगळ्यात जास्त लिहिलं तिचा संपादक याला 'माणसाचा स्पर्श' म्हणायचा. या संपादकाला मी जन्मात पाहिलं नाही. लेख परत पाठवताना तो फक्त लिहायचा, "स्पर्श कमी पडतोय." आता नळाच्या वॉशरला माणसाचा स्पर्श आणायचा कुठून? मी तो बाबांकडून आणायचे.

बाबांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. शहरातली अर्धी माणसं त्यांनी वरखाली केली, असं ते स्वतःच सांगायचे. किस्से त्यांच्याकडे पोत्यानं होते. लिफ्टच्या खड्ड्यात सापडलेले एकोणीस बूट, सगळे डाव्या पायाचे. रोज एकटाच लिफ्टनं पाचव्या मजल्यावर जाणारा कुत्रा. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये भांडण मिटलेलं जोडपं, आणि लिफ्ट सुरू झाल्यावर त्यांचं पुन्हा जुंपलेलं भांडण. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा पीत ते सांगायचे, मी समोर बसून टाइप करायचे. लेखात बाबा कधी 'एक शेजारी' व्हायचे, कधी 'एक अनुभवी गृहिणी', एकदा तर 'एक दंतवैद्य' झाले. लेख छापून आला की ते विचारायचे, "आज मी कोण?" आणि दंतवैद्य म्हटल्यावर पोट धरून हसले होते.

करारात एक कलम होतं. लेख दिल्यावर सात दिवसांत आपल्याकडचा कच्चा मजकूर पुसून टाकायचा. हे कलम आमच्यातलं कुणीही पाळत नसे. मी पाळलं. दर रविवारी सकाळी मी बसायचे आणि आठवड्याचे सगळे मसुदे पुसायचे, टिपणांसकट. नीटनेटकेपणाचा मला भारी गर्व होता. कुणी विचारलं नाही, कुणी तपासलं नाही, मीच आपली शहाण्यासारखी पुसत राहिले. इतका शहाणपणा दुसऱ्या कुठल्या कामात दाखवला असता तर बरं झालं असतं.

मग नवा कायदा आला. नेटवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक लेखनक्रमांक मिळाला, आणि कुठलाही मजकूर वर चढण्याआधी मालकीच्या नोंदवहीशी ताडून बघायचं ठरलं. आम्ही लिहिणारे खूश होतो. आता आपलं कुणी चोरणार नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. त्यातलं 'आपलं' नेमकं कुणाचं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गेल्या थंडीत एका सकाळी बाबा चहाचा कप उचलायला गेले आणि कप हातातून सुटला. मी म्हटलं, "बाबा, लक्ष कुठंय?" ते काहीतरी बोलले. आवाज होता, शब्द नव्हते. आता फरशी कोण पुसणार म्हणून मी कुरकुरले, चांगली दोन वाक्यं कुरकुरले, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती दोन वाक्यं आठवली की अजून मला स्वतःची लाज वाटते.

हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. समजत सगळं होतं. मी चूक बोलले तर भुवया चढायच्या, विनोद केला तर डोळे हसायचे. पण तोंड उघडलं की एक लांब 'आ' यायचा, आणि तो ऐकून ते स्वतःच दचकायचे.

वाचा-उपचार केंद्र दोन बसथांब्यांवर होतं. लहानशी खोली, भिंतीवर मोठा आरसा, त्याच्यासमोर दोन खुर्च्या. तिथल्या बाई मोजकं बोलायच्या, आणि समोरच्याला थांबून ऐकायच्या.

"शब्द गेलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "आतच आहेत, बाहेर यायची वाट बुजलीय. आधी येतं ते तोंडात बसलेलं. आकडे, शिव्या, कामावर हजारदा म्हटलेली वाक्यं. असं काही आहे का त्यांचं?"

"किस्से आहेत. भरपूर."

"त्यांच्याच शब्दांत हवेत पण. तुमच्या नाहीत. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी कधीकधी डोकं ते वाक्य ओळखत नाही. आणि पहिले सहा महिने महत्त्वाचे. पुढं अवघड होत जातं."

त्यांनी घरी न्यायला एक टॅबलेट दिला. रोज सकाळी अर्धा तास तो सुरू करून बाबांसमोर ठेवायचा. तो चित्र दाखवणार, "हे काय आहे?" विचारणार, बाबा बोलतील ते ऐकून शब्दांत लिहिणार आणि केंद्राच्या पानावर चढवणार, म्हणजे बाईंना तिथून प्रगती दिसेल. सरावासाठी घरचा मजकूर घालायला एक चौकटही होती. अर्धा तास चुकला तर केंद्रातली जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला. टॅबलेट पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यानं काळजी घेणाऱ्याचा क्रमांक विचारला. दिवसातून वीसदा टाकून माझ्या बोटांना एकच क्रमांक पाठ झालाय. मी विचारही न करता माझा लेखनक्रमांक टाकला.

त्याच दुपारी बाबा झोपल्यावर मी चौकटीत कुत्र्याचा किस्सा लिहिला, आठवला तसा. शेवटचं वाक्य टाकून बटण दाबलं, तर पडद्यावर लाल पट्टी आली. "हा मजकूर दुसऱ्याच्या मालकीचा आहे. जुळणी ८६ टक्के. आपल्या क्रमांकावर पहिली नोंद झाली आहे." मी ते तीनदा वाचलं. कुत्रा आठवला, पाचवा मजला आठवला, आणि मग आठवलं की पाळीव प्राण्यांच्या खाण्यावरच्या एका लेखाला मी हाच किस्सा लावला होता, जवळजवळ याच शब्दांत. तो लेख कंपनीचा होता, आणि कुत्राही आता कंपनीचाच होता.

मूळ लेखातून बाबांचे शब्द परत घ्यावेत म्हणून मी साइट उघडली. साइट नव्हतीच. कंपनी मधल्या काळात दोनदा विकली गेली होती. नव्या मालकांनी जुने लेख काढून टाकले होते, फक्त मालकी तेवढी नोंदवहीत ठेवली होती. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. वडिलांचा आजार, सहा महिने, सगळं लिहिलं, जवळजवळ पाया पडले म्हणा ना. मिनिटभरात उत्तर आलं. "आपल्या आपुलकीबद्दल आभार. वैयक्तिक वापरासाठी जुना मजकूर देण्याची सोय नाही." खाली सही होती, 'टीम'.

दुसऱ्या दिवशी मी स्वल्पविरामाला गाठलं. हा माझा जुना धंदेबंधू. वाक्य संपवायचं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून आमच्यातल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पूर्वी तो प्रवासाचे लेख लिहायचा, घराबाहेर न पडता. आता एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होता. मशीन धडधडत होतं आणि तो मान वर न करता कागदांचे गठ्ठे लावत होता. त्याची वाक्यंही तोकडी झाली होती.

"पाच नोंदी झाल्या की क्रमांक बंद," तो म्हणाला. "कायमचा. माझा झाला."

"तू कुणाचं चोरलंस?"

"माझंच. आणि तेही मी नाही. एका वाचकानं माझ्या पानावर माझाच जुना परिच्छेद चिकटवला. कौतुकानं. खाली लिहिलं, किती छान. पान माझं, म्हणून नोंद माझी. ती पाचवी होती."

"मग अपील वगैरे?"

"अपील नेटवरून करायचं असतं. क्रमांक टाकून."

मला हसू आलं. तो हसला नाही, म्हणून मीही आवरलं. मग त्यानं मला नियम समजावून सांगितले, गठ्ठा लावता लावता, हळू आवाजात. दहा शब्दांपेक्षा कमी असेल तर नोंदवहीचं मशीन तपासत नाही. दहा झाले की तपासतं. जुळणी ऐंशी टक्क्यांच्या आत असेल तर नुसता आकडा दाखवतं, ऐंशीच्या वर गेली की अडवतं आणि नोंद करतं. लिहिलेलं असो नाहीतर बोललेलं, त्याला सारखंच.

"बोललेलंही?"

"नेटवर चढलं की झालं. आणि क्रमांक गेला की त्या क्रमांकावरचं सगळं जातं. तू काय काय जोडलंयस त्याला?"

मी मनातल्या मनात मोजलं. माझं काम त्या क्रमांकावर होतं, आणि माझ्या कामावर घर चालत होतं. बाबांची केंद्रातली जागाही आता त्याच क्रमांकावर होती.

तिथून मी तडक बाईंकडे गेले आणि क्रमांक बदलून द्या म्हटलं. त्यांनी पडद्यावर बघितलं. "एक नोंद दिसतेय तुमची. नोंद असताना बदलता येत नाही."

"मग बाबांचा स्वतःचा काढून द्या."

"त्यांची संमती लागेल."

"देतील की. लगेच देतील."

"बोलून द्यावी लागते," बाई म्हणाल्या.

घरी येऊन मी दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी डोक्यात एक गोष्ट आली, आणि ती आली तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. बाबांचे शब्द माझ्याकडे नव्हते, साइटवर नव्हते, बाबांच्या तोंडात नव्हते. पण नोंदवहीच्या त्या मशीनकडे होते. ते दाखवणार नव्हतं, पण मी बरोबर आठवलं की चूक, हे आकड्यात सांगणार होतं. शंभर टक्के आले म्हणजे शब्द नेमके तेच. फक्त ऐंशीच्या वर गेलं की एक नोंद जाणार होती. दुसऱ्या कुणाच्या क्रमांकावर करून बघावं, तर नोंद त्याच्या माथी. असलं काम कुणाला सांगणार?

टॅबलेटच्या चौकटीत बुटांचा किस्सा घेतला. पहिल्यांदा लिहिलं, बावन्न टक्के. शब्द बदलले, एकसष्ट. एक वाक्य वर घेतलं, चौऱ्याहत्तर. चाचपडत चाचपडत अठ्ठ्याहत्तरपर्यंत आले आणि थांबले. पुढचं पाऊल टाकलं की नोंद. त्या दुपारी मी वाक्यं तोंडानं म्हणून बघितली, डोळे मिटून, जुना लेख डोळ्यांपुढं आणत. मग चार शब्द एकदम बदलले आणि बटण दाबलं. शंभर टक्के. दुसरी नोंद. मी भराभर तो मजकूर मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवला आणि एखादं बक्षीस जिंकल्यासारखी बाबांकडे गेले.

टॅबलेट कपाटात ठेवला, दार लावलं आणि कागद बाबांसमोर धरून वाचायला लागले. "त्या अंधाऱ्या, गूढ पोकळीत एकोणीस एकाकी बूट आपल्या हरवलेल्या जोडीदारांची वाट पाहत होते..." बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी पुन्हा वाचलं. त्यांनी डाव्या हातानं कागद बाजूला केला आणि मान हलवली, नाही, नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा कशाला म्हणतील 'गूढ पोकळी'? ते 'खड्डा' म्हणायचे. बुटांना एकाकी मी केलं होतं, स्पर्श कमी पडू नये म्हणून. नेमके शब्द मिळाले होते, पण ते माझे होते. दोन हजार लेखांत मी बाबांना इतकं सजवलं होतं की त्यांचं त्यांनाच ओळखू येत नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी तो कागद फाडला, आणि मग फाडला म्हणून राग आला.

त्या रागातच मला तो लेख आठवला. 'घबराट अनावर झाली तर'. संपादकाला एका अनुभवी माणसाचं बोलणं जसंच्या तसं हवं होतं, अवतरणचिन्हात. लेख तासाभरात द्यायचा होता, सजवायला वेळ नव्हता. मी बाबांना विचारलं होतं, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला तुम्ही आधी काय सांगता? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कामावर म्हणायचे तसं, मोठ्यानं, सुटं सुटं करून म्हटलं. मी शब्दन् शब्द उतरवला आणि तसाच दिला. चौदा वर्षांत एवढं एकच वाक्य मी घाईमुळे धड सोडलं होतं.

अर्थ मला माहीत होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडायची, आत कुणीतरी रडत किंवा दार बडवत असायचं, आणि बाबा वरच्या दारातून खाली वाकून बोलायचे. लहानपणी एकदा मी जिन्यावर बसून ते ऐकलंही होतं. वरून बाबांचा आवाज गेला आणि आतलं बडवणं थांबलं. पण शब्द? एकतीस वर्षं रोज म्हटलेले शब्द, आणि घरात ते कधी म्हणायचे नाहीत, कारण घरात कुणी अडकलेलं नव्हतं.

'मी वर उभा आहे, माझं ऐकू येतंय का, घाबरू नका,' मी लिहिलं. अठ्ठेचाळीस टक्के. 'घाबरू नका' काढलं. बाबा ते कधीच म्हणायचे नाहीत. घाबरलेल्या माणसाला घाबरू नका म्हटलं की तो जास्त घाबरतो, असं त्यांचं मत होतं. त्याच्या जागी 'मी खाली येतोय' लिहिलं. अठ्ठावन्न. 'दाराला हात लावू नका' घातलं. एकाहत्तर. तीन दुपारी मी त्या एकोणीस शब्दांभोवती फिरत होते. मधल्या काळात दोन लेख द्यायचे राहिले आणि एका ग्राहकानं काम काढून घेतलं. चौथ्या दुपारी एक वाक्य बदललं, त्र्याण्णव टक्के आले आणि तिसरी नोंद झाली. आता कुठला तरी एखादा शब्द चुकत होता. मी बाबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ते झोपले होते, ओठ झोपेतही हलत होते, आवाज नव्हता. मी परत आले, 'येतोय का' काढून 'येतोय ना' लिहिलं आणि बटण दाबलं.

"मी वर आहे. माझा आवाज ऐकू येतोय ना? मग तुम्ही एकटे नाही. दाराला हात लावू नका, मी खाली येतोय." शंभर टक्के. चौथी नोंद. आता उरली एक.

टॅबलेट कपाटात, गाद्यांच्या मागे, दार बंद. स्वयंपाकघराच्या टेबलाशी मी कागद ठेवला आणि वाचला. बाबांनी मान वर केली. डोळे असे उघडले, कुणी त्यांना हाक मारावी तसे. ओठ जुळले, मिटले, पुन्हा जुळले. त्या दिवशी काही आलं नाही, पण त्यांनी कागद बाजूलाही केला नाही. दुसऱ्या दिवशी 'म' आला. पाचव्या दिवशी 'मी'. स्पष्ट, स्वच्छ, चार महिन्यांतला पहिला शब्द. मी रडले आणि बाबा माझ्याकडे बघून वैतागले, कामाच्या वेळी हे काय म्हणून.

आमचा दिवस दोन भागांत वाटला गेला. सकाळी अर्धा तास टॅबलेटपुढे चित्रं, पाणी, खुर्ची, चमचा. तिथं बाबा लांब 'आ' काढायचे आणि टॅबलेट म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा. दुपारी कागद, आणि कागदावर बाबा एकेक शब्द पुढं सरकायचे. मी वर. मी वर आहे. बाईंना पानावर प्रगती दिसत नव्हती, त्या काळजीत होत्या. त्यांना खरं सांगावं असं मला रोज वाटायचं. पण त्यांनी ते कागदोपत्री लिहिलं तर ते नेटवर चढणार, म्हणून मी ताकास तूर लागू दिली नाही.

मग एक दिवस बाबा ते वाक्य कागदाशिवाय म्हणायला लागले. न्हाणीघरात, खिडकीशी, अर्धवट, पुटपुटत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. माझी नजर आधी टॅबलेटकडे गेली. तो बंद होता. मी तो हातात घेऊन पुन्हा बघितलं, खरंच बंद आहे ना. त्यानंतर हीच सवय लागली. बाबांनी तोंड उघडलं की मी आधी टॅबलेट बघायचे, मग बाबांना.

सकाळच्या अर्ध्या तासाला मी डावा हात टॅबलेटशी ठेवून बसायला लागले. मी बाबांना समजावून सांगितलं होतं, हे सुरू असताना ते वाक्य नको. त्यांनी मान हलवली होती. पण बाई काय म्हणाल्या होत्या ते मला आठवत होतं. तोंडात बसलेलं आपण बोलत नाही, ते आपोआप येतं.

सहावा महिना संपायला नऊ दिवस होते. सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. टॅबलेट माझ्या डाव्या हाताशी, बाबा समोर. पाणी झालं, खुर्ची झाली. मग एक बंद दार आलं, राखाडी, दोन फळ्यांचं, मधोमध चीर. कुठल्या तरी इमारतीच्या लिफ्टचं दार असावं. टॅबलेटनं गोड आवाजात विचारलं, "हे काय आहे?"

बाबा त्या दाराकडे बघत राहिले. मग थोडे पुढं वाकले, वरून खाली बघावं तसे, आणि त्यांचा आवाज आला. पुटपुटणं नाही. त्यांचा जुना आवाज, मोठा, सुटा सुटा. "मी वर आहे."

तीन. पडद्यावर शब्द उमटत होते. मी म्हटलं, "बाबा, दार म्हणा. दार." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "माझा आवाज ऐकू येतोय ना?"

आठ. किती सहज बोलत होते ते. एकही शब्द अडत नव्हता. चेहरा इतका मोकळा मी वर्षभरात पाहिला नव्हता. माझं डोकं मोजत होतं, फक्त मोजत होतं. "मग..." ते म्हणाले.

नऊ.

टॅबलेट माझ्या डाव्या हाताशी होता. तो पालथा घालता आला असता, जमिनीवर आपटता आला असता. पण उजवा हात आधी गेला. मी टेबलावरून झुकून बाबांचं तोंड दाबलं. पुढचा शब्द माझ्या तळहातात आला, नुसता गरम श्वास म्हणून.

किती वेळ तसा हात धरला कोण जाणे. टॅबलेट थांबला, मग म्हणाला, "छान. नऊ शब्द. आजची प्रगती उत्तम." पट्टी लाल झाली नाही. दुपारी बाईंचा फोन आला. त्यांना पानावर ते नऊ शब्द दिसले होते आणि आनंदानं त्यांचा आवाज भरून आला होता. "अगदी पुढं बोलणार होते बघा," त्या म्हणाल्या. "का थांबले?" मी म्हटलं, दमले असतील.

मग टॅबलेट कपाटात ठेवला, गाद्यांच्या मागे, दोन दारं लावली. कागद टेबलावर ठेवला. बाबांच्या समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. आता म्हणा. आता कुणी ऐकत नाहीये." मी स्वतः सुरुवात करून दिली. "मी वर आहे..."

बाबांनी कागदाकडे पाहिलं नाही. ते माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले, चांगला असलेला डावा हात सावकाश उचलला आणि आपल्याच तोंडावर ठेवला.